कूलर, कापूस आणि हाय-फाय

घरी उत्तम ध्वनियंत्रणा जमवण्याचा शौक महाराष्ट्रात कधीच फार पसरला नव्हता, पण 1970 आणि 80च्या दशकांत त्याचा दबदबा मोठा होता. आयातीवर निर्बंध होते, जकात जबर होती. परदेशाहून येणाऱ्या नातेवाइकाकडे टर्नटेबलची सुई मागवली जाई आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून ॲम्प्लिफायर घरीच जोडणारे हौशी लोक असत. त्या काळी खर्चाचे मोल कानाला कळत असे. साध्या टेपवर सूर थरथरायचा, फितीची सळसळ गाण्याखाली सतत वाहायची. महागड्या यंत्रावर ती बरीच कमी होई. आज दिवाणखान्यातले ते रॅक गेले, हातात मोबाइल आणि टेबलावर ब्लूटूथ स्पीकर आला. यावरून लोकांचे कान बोथट झाले, अशी हळहळ व्यक्त होते. मला हे निदान चुकीचे वाटते. शौक ओसरला, कारण ज्या फरकासाठी लोक पैसे मोजत होते तो फरकच अभियांत्रिकीने जवळजवळ पुसून टाकला.

1982 साली सीडी बाजारात आली. तिच्यात ध्वनीची नोंद सेकंदाला 44,100 वेळा, प्रत्येक वेळी 16 बिटांत होते. माणसाला जास्तीत जास्त 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकू येते आणि त्याच्या दुपटीहून थोड्या अधिक वेळा नोंद घेतली की ती लहर पुन्हा उभी करता येते, म्हणून हा आकडा. यापुढच्या ‘हाय-रेझोल्युशन’ ध्वनीचे काय? मेयर आणि मोरान यांनी 2007 साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत श्रोत्यांना कोणता ध्वनी कोणत्या दर्जाचा हे न सांगता ऐकवले. 554 वेळांपैकी 276 वेळा उत्तर बरोबर आले, म्हणजे नाणे उडवल्यासारखेच. यावर शौकिनांचा आक्षेप असा की, कसलेल्या कानाला फरक कळतो. त्यात तथ्य आहे. अशा 18 प्रयोगांचा रीस यांनी 2016 साली एकत्रित हिशेब मांडला, तेव्हा अचूक उत्तरांचे प्रमाण 52.3 टक्के निघाले, आणि आधी सराव दिलेल्या श्रोत्यांना फरक अधिक जाणवला. फरक आहे, पण केसाएवढा. उलट टूल आणि ऑलिव्ह यांच्या 1994च्या प्रयोगात स्पीकर डोळ्यांसमोर असताना श्रोत्यांनी दिलेले गुण आणि पडद्याआड असताना दिलेले गुण वेगळे पडले. जे ऐकले असे वाटते, त्यात पाहिलेलेही मिसळलेले असते.

मग खरा फरक उरतो कुठे? स्पीकरमध्ये, आणि त्याहून अधिक खोलीत. यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातल्या फुलसावंगीसारख्या गावातली स्लॅबच्या घराची खोली घ्या: बारा फूट लांब, बारा फूट रुंद, दहा फूट उंच. खाली फरशी, चहूबाजूंना गिलावा. अशी खोली रिकामी असेल, तर भिंतींवर आदळलेल्या ध्वनीपैकी जेमतेम दोन-तीन टक्के शोषला जातो आणि बाकीचा परत फिरतो. हार्वर्डचे वॉलेस सॅबिन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा हिशेब बसवला. घुमणाऱ्या एका व्याख्यानगृहात ते रात्रीच्या शांततेत जवळच्या नाट्यगृहातल्या गाद्या आणून मांडत, ऑर्गनची नळी वाजवत आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजत. त्यांच्या सूत्रात आपली खोली घातली, तर आवाज 60 डेसिबलने उतरायला तीन सेकंदांहून अधिक लागतात. तेवढ्या वेळात गायकाची पुढची तान मागच्या तानेच्या चिखलात रुतलेली असते. लाखाचा ॲम्प्लिफायर आणला, तरी तो हा चिखलच अधिक शुद्धपणे वाजवणार! आता त्याच खोलीत कापसाच्या गाद्या, भिंतीला टांगलेल्या दोन-तीन जाड गोधड्या आणि बसलेली चार माणसे धरा. शोषणारे क्षेत्र पाच-सहा चौरस मीटरने वाढले, की तोच वेळ सेकंदाच्या आत येतो. कापसाच्या तंतूंतून जाताना हवेचे कंप घर्षणाने विरतात. यवतमाळ हा कापसाचा जिल्हा. ध्वनिशास्त्राचे सर्वांत गरजेचे सामान इथल्या शेतातच पिकते.

खोलीतली शांतताही मोजायला हवी. सीडीत अगदी हळू आणि अगदी मोठ्या आवाजातले अंतर 96 डेसिबल मावते. पंखा चालू असलेल्या खोलीत मुळातच 45 डेसिबलच्या आसपास गलबला असतो. त्यावर 96 चढवले तर 140च्या पुढे जाल, आणि कान 120लाच दुखू लागतो. विदर्भाच्या मे महिन्यात कूलर लावला की तळ आणखी वर सरकतो आणि तंबोऱ्याचा बारीक झणकार त्याखाली बुडतो. विकत घेतलेल्या बारकाव्यांपैकी निम्मे असे वाऱ्यावर जातात.

रेकॉर्डचे पुनरागमन माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध दाखवले जाते. अमेरिकेत 2022 साली सीडींपेक्षा रेकॉर्ड अधिक विकल्या गेल्या, हे खरे आहे. पण मोजमापाच्या निकषांवर रेकॉर्ड सीडीच्या मागेच आहे. माणसे तिच्याकडे वळतात ती दुसऱ्याच ओढीने. मुंबईत 1990 साली स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सच्या संग्राहकांना जुन्या तबकड्या हव्या असतात, कारण कित्येक गाणी दुसऱ्या कुठल्याच रूपात उरलेली नाहीत. शिवाय रेकॉर्डची एक बाजू वीस-बावीस मिनिटे चालते आणि तेवढा वेळ माणूस बसून ऐकतो. जुन्या शौकातली ही गोष्ट हरवते आहे याचे मलाही वाईट वाटते. तिला मात्र महाग यंत्र लागत नाही.

कापसालाही मर्यादा आहे. बारा फुटांच्या चौकोनी खोलीत 47 हर्ट्झच्या आसपासचा खर्ज लांबी आणि रुंदी या दोन्ही दिशांना एकदमच घुमतो. त्या लहरीची लांबी सात मीटरहून जास्त, तिच्यापुढे चार बोटे जाडीची गादी म्हणजे काहीच नाही. तिथे स्पीकर कोपऱ्यातून दोन हात पुढे ओढायचा, आपण भिंतीला पाठ टेकवून न बसता थोडे पुढे सरकायचे, आणि तबल्याचा डग्गा गुरगुरायचा थांबून नेमका ठोका देईपर्यंत दोन्ही जागा वीतभर इकडेतिकडे करत राहायच्या.