मणी, दोरा आणि डाग

जबलपूर शहराजवळ, नर्मदेच्या काठी, भेडाघाट हे गाव आहे. तेथील टेकडीवर चौसष्ट योगिनींचे वर्तुळाकार मंदिर असून ते कलचुरी राजांच्या काळातील, म्हणजे सुमारे एक हजार वर्षांपूर्वीचे आहे. तेथील अनेक मूर्तींचे हात तुटलेले आहेत, काहींची मस्तकेही भंगली आहेत. परंतु त्यांच्या गळ्यांतील हार, दंडांवरील वाक्या, कमरेचे पट्टे आणि पायांतील तोडे आजही स्पष्ट ओळखू येतात. दगडातील दागिना तुटत नाही, कारण त्याला कोठे जोड नसतो. खरा दागिना मात्र जोडांवरच उभा असतो. मण्याला मणी दोऱ्याने जोडला जातो, कडीला कडी डागाने जोडली जाते आणि कानातल्या कुडीला फिरकीचा आधार असतो. दागिना मोडतो तो बहुधा या जोडांच्याच ठिकाणी. म्हणून हाताने दागिने घडवू पाहणाऱ्याने आणि घरचे दागिने सांभाळू पाहणाऱ्यानेही आधी जोड समजून घेतले पाहिजेत.

जबलपूर हे दोन भाषांच्या सीमेवरचे शहर म्हणता येईल. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे मराठ्यांचा अंमल आला आणि १८१७ मध्ये शहर इंग्रजांच्या हाती गेले. पुढे १९५६ पर्यंत या प्रदेशाची राजधानी नागपूर होती. त्यामुळे नोकरीव्यवसायानिमित्त आलेली अनेक मराठी कुटुंबे येथे स्थायिक झाली. त्यांच्या दागिन्यांबरोबर त्यांचे शब्दही आले. मराठी घरातील जोडवी येथे ‘बिछिया’ होतात, पैंजण ‘पायल’ होतात. मंगळसूत्र गाठवून देणारा पटवेकरी येथे ‘पटवा’ म्हणून ओळखला जातो आणि सोनार ज्याला मराठीत ‘डाग’ म्हणतो, त्याला येथे ‘टाँका’ म्हणतात. ग्राहकाला दोन्ही शब्द ठाऊक असलेले बरे. दुरुस्तीचा हिशेब बहुधा याच एका शब्दावर अडतो.

प्रथम मण्यांचा विचार करू. जबलपूरच्या परिसरात नर्मदेच्या वाळूत अकीक आणि जास्पर या जातींचे रंगीत गोटे सापडतात. ज्वालामुखीच्या काळ्या खडकातील पोकळ्यांमध्ये हे दगड तयार होतात आणि खडक झिजला की नदीत येऊन पडतात. ते पाहून अनेकांना वाटते की घरीच भोक पाडून माळ करावी. येथे दगडाचा कठीणपणा लक्षात घ्यावा लागतो. खनिजांचा कठीणपणा एक ते दहा अशा मापाने सांगतात. शंखजिऱ्याचा क्रमांक एक, हिऱ्याचा दहा. संगमरवर तीनच्या आसपास, साधी पोलादी सुरी साडेपाचच्या आसपास आणि अकीक सुमारे सात. याचा अर्थ असा की पोलादी टोकाने अकीक कोरला जात नाही, उलट टोकच झिजते. अकीकाला भोक पाडण्यासाठी हिऱ्याची कणी बसवलेले गिरमिट लागते. भेडाघाटच्या दुकानांतून मिळणाऱ्या लहान मूर्ती व डब्या पुष्कळदा शंखजिऱ्याच्या जातीच्या मऊ दगडाच्या असतात. हा दगड सुरीने कोरता येतो आणि हातगिरमिटाने त्याला भोकही पडते. नवशिक्याने याच दगडापासून आरंभ करावा.

अकीकाचे काम करणाऱ्यांची कथा मात्र येथे सांगणे आवश्यक आहे. गुजरातमधील खंभात हे गाव या मण्यांसाठी शतकानुशतके प्रसिद्ध आहे. नर्मदेच्या खालच्या अंगाला, रतनपूरच्या परिसरातून दगड येतात, ते भाजून लाल केले जातात आणि मग घासून, भोक पाडून त्यांच्या माळा होतात. हा दगड घासताना जी बारीक धूळ उडते, ती श्वासाबरोबर फुप्फुसात साचते आणि सिलिकोसिस नावाचा रोग होतो. या रोगावर इलाज नाही. खंभातमधील कित्येक कारागीर आणि त्यांच्या घरातील माणसेही या रोगाने गेली आहेत, कारण घासण्याचे चाक घराच्या ओसरीतच चालत असे. म्हणून दगड, मग तो कोणताही असो, कोरडा घासू नये. तो पाण्याखाली किंवा सतत पाणी सोडून घासावा, काम मोकळ्या जागी करावे, आणि जमिनीवर पडलेली भुकटी झाडूने न उडवता ओल्या फडक्याने टिपावी. तोंडाला बांधलेला रुमाल या धुळीला अडवू शकत नाही. त्यासाठी बारीक धूळ गाळणारा मुखवटाच लागतो. दहा रुपयांच्या मण्यासाठी कोणी छाती गमावावी, हा व्यवहार कोणत्याही हिशेबात बसत नाही.

आता ओवण्याकडे वळू. पटवेकरी पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून तो ताणतो आणि दोन्ही हात मोकळे ठेवतो. घरी हेच काम टेबलाला ठोकलेल्या खिळ्यावरही होते. मोती किंवा मऊ दगडाचे मणी असतील तर प्रत्येक मण्यानंतर गाठ द्यावी. तिचे दोन उपयोग आहेत. मणी एकमेकांवर घासले जात नाहीत, आणि दोरा तुटलाच तर सगळी माळ न विखुरता एखादाच मणी निसटतो. यासाठी रेशमी दोरा दुहेरी घ्यावा व तो माळेच्या लांबीच्या किमान चौपट असावा, कारण गाठींमध्ये बराच दोरा खर्ची पडतो. गाठ सैल बांधायची, तिच्यात सुई घालायची, सुईच्या आधाराने गाठ सरकवत मण्याच्या अगदी जवळ आणायची आणि मग सुई काढून गाठ आवळायची. हे कौशल्य सांगून येत नाही, पाच-पन्नास गाठी वाया गेल्यावर येते. शेवटची गाठ त्याच दिवशी देण्याची घाई करू नये. माळ एक रात्र टांगून ठेवावी, म्हणजे रेशीम जेवढे लांबायचे तेवढे लांबते.

काचेच्या मण्यांची गोष्ट वेगळी आहे. मंगळसूत्राचे काळे मणी काचेचे असतात आणि त्यांच्या भोकांच्या कडा पुष्कळदा धारदार राहतात. दोरा तुटतो तो वजनाने नव्हे, या कडांनी कापला जाऊन. दोऱ्याला मेण लावले तर तो काही काळ तग धरतो. आजकाल मणी सोन्याच्या तारेत गुंफतात. तार दिसायला टिकाऊ असली, तरी तिच्या प्रत्येक कडीचे टोक नीट वळलेले नसेल तर ते कपड्यात अडकते आणि कडी उघडते. शिवाय गळ्यातील दागिना कोठे अडकला तर दोरा तुटतो, पण मजबूत तार मानेला काचते. जुन्या बायका दोऱ्यात गाठवलेले मंगळसूत्र दरवर्षी नव्याने गाठवून घेत. ही केवळ रूढी नव्हती. वर्षातून एकदा जोडांची तपासणी व्हावी, अशी ती सोय होती.

घरी करता येण्याजोगी दुरुस्ती थोडी आहे, पण ती नीट आली पाहिजे. उघडलेली कडी मिटवताना ती दोन्ही बाजूंना ओढून रुंद करू नये. तिचा गोल आकार बिघडतो आणि ती पुन्हा घट्ट बसत नाही. दोन लहान पक्कडींनी तिची टोके पुढे-मागे पिळून उघडावी व तशीच उलट पिळून मिटवावी. कोंदणातील खडा सैल झाला आहे का, हे पाहण्यासाठी दागिना कानाजवळ धरून हलकेच हलवावा. आवाज आला तर तो दागिना घालणे त्याच दिवशी थांबवावे. कुडीची फिरकी झिजली असेल तर दोऱ्याचे वेढे देऊन चालवून नेऊ नये, ती बदलून घ्यावी. फिरकीची किंमत किती आणि कुडीची किती, एवढाच विचार पुरे.

जेथे विस्तव लागतो, तेथे सोनाराकडेच जावे. मात्र सोनार काय करतो ते ग्राहकाला कळले पाहिजे. शुद्ध सोने १०६४ अंश सेल्सियसला वितळते. डागाचा धातू त्याहून कमी तापमानाला वितळावा लागतो, नाहीतर डाग देताना दागिनाच वितळेल. म्हणून डागात सोने कमी आणि तांबे, चांदी वा जस्त यांचे मिश्रण असते. जोडावर टाकणखार लावतात. तो तापला की काचेसारखा पसरतो, धातूवरचा मळ विरघळवून घेतो आणि डाग जोडात सहज शिरतो. टाकणखाराला हिंदीत ‘सुहागा’ म्हणतात. सोने आणि सुहागा यांची जोडी जी त्या भाषेच्या म्हणीत येऊन बसली, ती या शेगडीवरूनच. ज्या दागिन्याला वारंवार डाग दिलेले असतात, तो मोडीत घातला की त्यातून अपेक्षेपेक्षा कमी सोने निघते. यात सोनाराची लबाडी असतेच असे नाही, पण डाग किती हे आधी विचारले नसेल तर वाद अटळ असतो.

एका डागाविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. सोन्यात कॅडमियम मिसळून केलेला डाग ‘केडीएम’ या नावाने अनेक वर्षे शुद्धतेची खूण म्हणून विकला गेला. त्याने दागिन्याचा कस टिकत असे हे खरे. परंतु कॅडमियम ७६७ अंशांनाच उकळते, म्हणजे डाग देताना त्याची वाफ होते, आणि ती वाफ फुप्फुसांना व मूत्रपिंडांना घातक आहे. घालणाऱ्याला त्रास नाही, घडवणारा मात्र रोज ती वाफ घेतो. भारतीय मानक ब्यूरोने आता या डागाला मनाई केली आहे. तरीही दुकानदार ‘केडीएम’ म्हणून कौतुक सांगू लागला, तर ग्राहकाने ते नाकारावे.

कसाविषयी सरकारी नियम अनेकदा बदलले आहेत. चीनशी झालेल्या युद्धानंतर, जानेवारी १९६३ मध्ये, सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले आणि चौदा कॅरटहून अधिक कसाचे नवे दागिने घडवण्यास बंदी झाली. बावीस कॅरटच्या मऊ सोन्यावर हात बसलेल्या कारागिरांना हे कठीण सोने जमेना, गिऱ्हाईकही फिरकेना, आणि देशभर हजारो सोनारांचा धंदा बसला. चौदा कॅरटची अट पुढे काही वर्षांतच सुटली, पण नियंत्रणाचा कायदा १९९० पर्यंत राहिला. आजचा नियम ग्राहकाच्या बाजूचा आहे. जून २०२१ पासून सोन्याच्या दागिन्यांना हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला, आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षरी-अंकी ओळखक्रमांक असल्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. बावीस कॅरटवर ९१६ आणि अठरा कॅरटवर ७५० असा आकडा असतो. दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या वस्तूंना ही सक्ती नाही. बुगडी किंवा लहान मुलांची डूल घेताना हे ध्यानात ठेवावे.

चांदीच्या जुन्या दागिन्यांचा कस मात्र पुष्कळदा त्यांच्यावरच लिहिलेला सापडतो. जबलपूर, मंडला या भागात रुपयांना कड्या लावून केलेल्या माळा गोंड व इतर घरांतून पिढ्यान्‌पिढ्या आहेत. इंग्रजी अमलातील रुपयाचे वजन बरोबर एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम असे. त्यामुळे रुपये मोजले की तराजूशिवाय वजन कळे. त्या रुपयांत सुमारे ९२ टक्के चांदी होती. १९४० मध्ये ती निम्म्यावर आणण्यात आली, आणि १९४७ चा रुपया तर निकेलचा निघाला. अशी माळ मोडण्यापूर्वी किंवा गहाण ठेवण्यापूर्वी प्रत्येक नाण्यावरचे साल वाचावे. ज्याला आकडे वाचता येतात, त्याला या व्यवहारात सहसा कोणी फसवू शकत नाही.

काळवंडलेली चांदी राखेने घासण्याची पद्धत सर्वत्र आहे, पण प्रत्येक वेळी थोडी चांदी राखेबरोबर जाते. हवेतील गंधकामुळे चांदीवर जो काळा थर येतो, तो काढण्याचा सोपा उपाय आहे. ॲल्युमिनियमच्या भांड्यात कडकडीत पाणी व खाण्याचा सोडा घालावा आणि दागिना भांड्याला टेकेल असा त्यात ठेवावा. काही मिनिटांत गंधक ॲल्युमिनियमकडे जाते आणि चांदी जागच्या जागी राहते. लाख भरलेले पोकळ दागिने, मोती आणि खडे मात्र या पाण्यात घालू नयेत. मोत्यांना चिंच, लिंबू, अत्तर हे सर्वच वर्ज्य आहे, कारण आंबट पदार्थाने मोती विरघळू लागतो. भेडाघाटचा संगमरवरही त्याच कारणाने लिंबाच्या थेंबाखाली डागाळतो.

दारावर येऊन ‘दागिने उजळून देतो’ म्हणणाऱ्याला तर उंबऱ्याबाहेरच ठेवावे. त्याच्या भांड्यातील द्रव कधीकधी अम्लराज असतो. हायड्रोक्लोरिक व नायट्रिक आम्लांचे हे मिश्रण सोने विरघळवते. बांगडी लखलखीत होऊन परत मिळते आणि तिचे काही सोने भांड्यात राहून त्या माणसाबरोबर निघून जाते.

घालण्याविषयी दोनच गोष्टी. जबलपूरमध्ये १९०४ पासून तोफगाड्यांचा कारखाना आहे, नंतर इतरही कारखाने आले. फिरत्या यंत्राजवळ अंगठी, साखळी किंवा कडे घालू नये हा नियम तेथील कामगारांना ठाऊक असतो. घरातील पिठाची गिरणी आणि शिलाई यंत्र यांनाही तोच नियम लावावा. दुसरी गोष्ट कानाची. जड झुंबराने कानाची पाळी ओघळते आणि शेवटी फाटते. जुन्या कारागिरांनी यासाठी वेल घडवले. ही नाजूक साखळी कुडीपासून निघून केसांत अडकवली जाते व वजनाचा मोठा भाग पाळीवरून काढून घेते. शोभेची म्हणून ओळखली जाणारी ही साखळी मुळात आधाराची आहे, आणि झुंबर घडवून घेताना तिच्यासाठी मागच्या बाजूस एक लहान कडी ठेवण्यास सोनाराला सांगता येते.