नाख्तिगाल खाण : कोळसा होता, पण हिशेब जुळेना

कापड रंगविण्याच्या कारखान्यात बॉयलर पेटतो तो बहुधा कोळशावर. कोळशाचा भाव चढला की मीटरमागे खर्च किती वाढतो, हे आपल्या धंद्यातल्या माणसाला सांगावे लागत नाही. पण तो कोळसा जमिनीतून वर काढणाऱ्याचा हिशेब कसा चालतो, याचा विचार आपण क्वचितच करतो. त्यासाठी जर्मनीतील एका छोट्या, फार पूर्वी बंद पडलेल्या खाणीचा इतिहास पाहण्यासारखा आहे.

नदीकाठचा बोगदा

ही खाण रूर नदीच्या काठी, विटेन शहराजवळ आहे. तिचे नाव 'नाख्तिगाल'. जर्मन भाषेत हे एका गाणाऱ्या पक्ष्याचे नाव. आपण त्याला बुलबुल म्हणू. खाणीचा पहिला उल्लेख १७१४ सालचा आहे. या भागात कोळशाचे थर डोंगरउतारावर अगदी वरपर्यंत आलेले होते. त्यामुळे सुरुवातीला विहिरीसारखे खोल खणण्याची गरज नव्हती. डोंगरात आडवा बोगदा मारायचा आणि ढकलगाडीतून माल बाहेर आणायचा. बोगद्याला बाहेरच्या बाजूने थोडा उतार असे, म्हणून आतले पाणी आपोआप वाहून जाई. पाण्यावर वेगळा खर्च नव्हता.

१७८० मध्ये प्रशियाच्या सरकारने दरवाजांचे बांध घालून रूर नदी नावांसाठी खुली केली. कोळसा भरलेल्या सपाट लाकडी नावा प्रवाहाबरोबर ऱ्हाइन नदीकडे जात. परतीच्या प्रवासात काठावरून चालणारे घोडे त्यांना ओढून आणीत. माल दारात आणि वाहतूकही दारात, असा तो काळ होता.

भागीदारीची पद्धत

त्या काळच्या जर्मन खाणींत भांडवल भागीदारीतून उभे राही. खाणीचे साधारण १२८ हिस्से पाडीत. एका हिश्शाला 'कुक्स' म्हणत. नफा झाला तर तो हिश्शांप्रमाणे वाटला जाई. तोटा झाला किंवा नवे यंत्र घ्यायचे झाले तर प्रत्येक भागीदाराला हिश्शाप्रमाणे पैसे भरावे लागत. नफ्याला हजर आणि तोट्याला गैरहजर, अशी सवलत कोणाला नव्हती. याशिवाय काही हिस्से चर्च, शाळा यांसारख्या कामांसाठी राखून ठेवण्याचीही रीत होती आणि त्यांच्यावर तोट्याचा भार पडत नसे.

पाणी काढण्यासाठी कोणी स्वतःच्या खर्चाने डोंगराखाली निचऱ्याचा लांब बोगदा खणला, तर ज्या खाणी त्यामुळे कोरड्या होत त्यांच्या उत्पन्नातून त्याला नववा हिस्सा मागण्याचा हक्क असे. खाणधंद्यात पाण्याची किंमत कोळशाइतकीच मोठी असते, हे त्या लोकांनी ओळखले होते.

खोली वाढली, खर्च वाढला

वरचा कोळसा संपत आला तेव्हा नाख्तिगालच्या मालकांनी १८३२ पासून उभे खोल खणायला सुरुवात केली. नदीच्या पातळीखाली गेल्यावर पाणी आपोआप वाहून जाईना. ते रात्रंदिवस वाफेच्या इंजिनाने उपसावे लागे, आणि इंजिनाला कोळसा लागे. म्हणजे काढलेल्या मालातला काही भाग माल काढण्यातच जळू लागला. शेवटी खाण चारशे मीटरहून खोल गेली.

एवढ्यात स्पर्धा उत्तरेकडे सरकली होती. तिकडे कोळशाचे थर जमिनीत खोल होते, पण सलग आणि भरपूर होते. मोठे भांडवलदार तेथे उतरले. १८४७ साली कोलोन ते मिंडेन हा रेल्वेमार्ग पूर्ण झाला, तोही त्याच भागातून गेला. नदीकाठच्या जागेचे मोल घटले. १८९२ मध्ये नाख्तिगाल बंद झाली. जमिनीत कोळसा शिल्लक होता, पण पाणी उपसून तो काढणे परवडत नव्हते.

जागा तीच, धंदा दुसरा

यानंतर विल्हेल्म ड्यूंकेलबर्ग या उद्योजकाने ती जागा घेतली. डोंगरातल्या मातकट दगडाचा भुगा करून त्याने विटांचा कारखाना काढला. भट्ट्या गोलाकार होत्या. त्यांत आग एका खणातून पुढच्या खणात फिरत राही आणि भाजून निघालेल्या विटांची ऊब पुढच्या खणाला मिळे, त्यामुळे जळण वाचे. हा कारखाना १९६३ पर्यंत चालला. २००३ पासून तेथे संग्रहालय आहे आणि पाहुण्यांना बोगद्यात नेऊन कोळशाचा खरा थर दाखवितात.

दुसऱ्या महायुद्धानंतर इंधनाची टंचाई झाली, तेव्हा याच खोऱ्यात छोट्या खाणी पुन्हा निघाल्या. मोजकी माणसे आणि जुजबी अवजारे. लोक त्यांना थट्टेने 'बादली-बादलीची खाण' म्हणत. टंचाई होती तोवर त्यांचे भागले. १९५८ पासून स्वस्त खनिज तेल आणि परदेशी कोळसा आला आणि त्या एकेक करून मिटल्या. विटेनमधली 'एगबर्ट' ही त्यांतली शेवटची, १९७६ साली बंद झाली. सरकारी मदतीवर तगलेल्या मोठ्या खाणींपैकी बोट्रोपची शेवटची खाणही डिसेंबर २०१८ मध्ये बंद झाली.

पण पाणी बंद झाले नाही. रूर भागात खाणींमुळे जमीन अनेक ठिकाणी खचली आहे. तेथे पाणी उपसणे थांबविले तर वस्त्यांत पाणी साचेल. म्हणून खाणी मिटल्यावरही पंप चालू आहेत आणि त्यांच्या खर्चासाठी २००७ मध्ये खास संस्था स्थापन करावी लागली. उत्पन्न संपले, खर्च मात्र उरला.

व्यापारी बांधवांनी यातून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. धंद्यात उतरताना आपण मालाचा भाव आणि मजुरी मोजतो. खोली वाढली की काय लागेल, वाहतुकीचा रस्ता बदलला तर काय होईल आणि धंदा मिटविल्यावर कोणती देणी उरतील, हे तीन आकडे बहुधा वहीत नसतात. नाख्तिगालच्या भागीदारांकडे माल होता, माणसे होती, मेहनतही होती. त्यांना हरविले ते या न लिहिलेल्या आकड्यांनी.