गोळ्यांचा डबा आणि जनुकाची तपासणी



साठी ओलांडलेले माणूस घरात असले की गोळ्यांचा डबा आलाच. बीपीची, शुगरची, पित्ताची, आणि हृदयात स्टेंट बसवला असेल तर रक्त पातळ ठेवणारी. गोळ्या योग्यच असतात. पण त्या सर्वांना सारख्या लागू पडत नाहीत, आणि कधी एकमेकींच्या आड येतात. एक उदाहरण पाहू.

स्टेंटमध्ये रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून अनेकांना क्लोपिडोग्रेल देतात. ही गोळी आहे तशी काम करीत नाही. उसाची साखर व्हायला गाळप लागते, तशी हिच्यावर यकृतात प्रक्रिया व्हावी लागते. ते काम मुख्यतः सीवायपी-२सी१९ नावाचे एन्झाइम करते. ते जोमदार की मंद, हे आईवडिलांकडून आलेल्या जनुकावर ठरते. दोघांकडून मंद जनुक आले, तर गोळी रोज घेऊनही गुण पुरता येत नाही. असे जनुक युरोपीय लोकांपेक्षा आपल्याकडे जास्त आढळते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१० साली या गोळीच्या माहितीपत्रकात तसा ठळक इशारा घालायला लावला.

दुसरी अडचण पित्ताच्या गोळीची. ओमेप्राझोल नेमके हेच एन्झाइम अडवते. गव्हाण एकच, एका गाडीने ती अडवली की दुसरीचा ऊस पडून राहतो, तसेच हे. पॅन्टोप्राझोलने ही अडचण बरीच कमी होते.

जनुकाची तपासणी थोड्या रक्तावर किंवा लाळेवर होते. जनुक जन्मभर तेच राहते, म्हणून अहवाल जपून ठेवावा. युरोपातील ७ देशांत सुमारे ७ हजार रुग्णांवर झालेला अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. नेहमीच्या पद्धतीत शंभरातील सुमारे २८ जणांना औषधांचा त्रास झाला. १२ जनुके तपासून औषध दिलेल्यांत सुमारे २१ जणांना.

माती परीक्षणाने खताची मात्रा कळते, पण दोन खते एकत्र चालतील का ते कळत नाही. तसेच इथे. म्हणून –

१. सर्व गोळ्या, चूर्ण-काढ्यांसह, एका पिशवीत घालून एकाच डॉक्टरांना दाखवा.
२. स्टेंट असेल तर पित्ताची गोळी कोणती चालेल आणि जनुक तपासणीची गरज आहे का, हे विचारा.
३. हे वाचून कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नका. रक्त पातळ ठेवणारी गोळी अचानक सोडली तर स्टेंट बंद पडून जिवावर बेतू शकते.