जपानी शाळेंतील केरसुणी

जपानांतील प्राथमिक शाळा प्रथमच पाहणारा भारतीय प्रवासी दुपारचें एक दृश्य पाहून बुचकळ्यांत पडतो. जेवण आटोपल्यावर मुलें कपाटांतून केरसुण्या व फडकीं काढतात. बाकें बाजूस सरतात. कोणी फळा पुसतो, कोणी जिना झाडतो, तर कोणी ओणवा होऊन ओलें फडकें रेटीत पडवीभर धांवत सुटतो. कित्येक शाळांत शौचकूपही त्यांतून वगळलेले नसतात. ही शिक्षा असावी, असा पाहुण्याचा तर्क. वस्तुतः तो शाळेच्या नित्यक्रमाचाच भाग होय.

मुलांनीं झाडणें भारतीय शाळांसही अपरिचित नाहीं. परंतु तें काम पुष्कळदां दलित मुलांच्याच वाट्यास आलें, आणि म्हणूनच तो अपमान ठरला. जपानांतही ‘बुराकुमिन’ म्हणून हीन लेखलेला वर्ग होता. १८७१ च्या राजाज्ञेनें तो भेद कागदावर मिटला, व्यवहारांतून मात्र लवकर गेला नाहीं. तेव्हां केरसुणीनें समता आणली, असें म्हणणें भाबडेपणाचें होईल. तथापि पुष्कळ वर्गांच्या भिंतीवर पुठ्ठ्याचें एक चक्र टांगलेलें असतें, तें पाहण्यासारखें आहे. त्यावर मुलांच्या तुकड्या व कामें लिहिलेलीं असतात. पाळी बदलली कीं चक्र एक घर पुढें सरकतें, आणि कालपर्यंत फळा पुसणारा जिना झाडूं लागतो.