दातातल्या पोस्टने दात मजबूत होतो का?

नाशिकच्या कुठल्याही दातांच्या दवाखान्यात, बाहेरच्या बाकावर, हा सल्ला फुकट मिळतो: ‘नस काढली ना, मग आत स्क्रू टाकूनच घ्या, दाढ पक्की होते.’ नेमकं हेच खरं नाही. पोस्ट, म्हणजे दाताच्या मुळात बसवलेली काडी, दाताला बळ देत नाही. वरचा भाग तुटलेला असताना नव्या भरावाला धरून ठेवणं एवढंच तिचं काम. सोरेन्सन आणि मार्टिनॉफ यांनी १९८४ साली रूट कॅनाल झालेल्या १,२७३ दातांचा हिशेब मांडला, त्यातही पोस्टमुळे दात जास्त टिकल्याचं दिसलं नाही. दाढांना फायदा झाला तो कॅपचा.

रूट कॅनालनंतर दात ‘वाळून ठिसूळ होतो’ हाही असाच समज. १९८९ साली रीह, मेसर आणि डग्लस यांनी काढलेल्या दातांवर मोजमाप केलं. रूट कॅनालसाठी वरून पाडलेल्या भोकाने दाताचा ताठपणा अवघा ५ टक्के घटला. दोन्ही बाजूंच्या कडा कोरल्यावर मात्र ६३ टक्के गेला! म्हणजे दात अशक्त करते ती कीड, आणि ती काढताना गेलेल्या भिंती.

म्हणून जाड पोस्ट चांगली, हेही उलटंच. जाड पोस्टसाठी मूळ आणखी कोरावं लागतं, आणि मूळ उभं चिरलं की दात बहुधा काढावाच लागतो. शिवाय मुळाच्या टोकाशी चार-पाच मिलिमीटर गटापर्चा (रूट कॅनालमध्ये भरलेला पदार्थ) राखावाच लागतो, नाहीतर जंतूंना पुन्हा वाट मिळते. दाढेत आतली पोकळी मोठी असते, भराव तिथेच पकड घेतो. पोस्टची गरज जास्त पडते ती तुटलेल्या पुढच्या दातांना.

मग फायबर की धातू? फायबरची पोस्ट जवळपास दाताइतकीच लवते, त्यामुळे बिघाड झालाच तर बहुतेकदा ती सुटते, मूळ शाबूत राहतं. पण रुग्ण या निवडीवर जितकी चर्चा करतात, तितकी महत्त्वाची ती नाही. खरा प्रश्न हिरडीच्या वर किती दात उरलाय हा. भोवताली दीड-दोन मिलिमीटर निरोगी कडा असली, की बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव आवळावी तशी कॅप तिला आवळून धरते. ‘दुखत नाही’ म्हणून कॅप महिनोन्‌महिने लांबवणाऱ्यांची नेमकी हीच कडा तुटते.

ती कडा उरलीच नसेल तर हिरडी खाली घेता येते किंवा तारेने मूळ थोडं वर ओढता येतं. दोन्ही जमत नसेल, तर महागातली पोस्टही तो दात वाचवत नाही.