गावाची चतुःसीमा आणि शिरगणती

कोणी पाहुणा विचारतो, "तुमचे गाव कुठे आहे? गावात माणसे किती?" काय सांगाल?

पहिले उत्तर चतुःसीमेत असते. चतुःसीमा म्हणजे चारी बाजूंना काय आहे ते. जमिनीच्या खरेदीखतात ती लिहितात. गावाचीही ती सांगता येते.

उत्तन गाव घ्या. ते ठाणे जिल्ह्यात, ठाणे तालुक्यात, समुद्रकाठी आहे. भाईंदर स्टेशनावर उतरावे, पश्चिमेची वाट धरावी. मुर्धा, राई, मोर्वा, डोंगरी मागे टाकली की उत्तन येते. पश्चिमेला अरबी समुद्र. दक्षिणेला गोराई. उत्तरेला वसईची खाडी, आणि खाडीपलीकडे वसईचा किल्ला. किनाऱ्यावर कोळ्यांच्या होड्या. दोऱ्यांवर बोंबील वाळत घातलेले. झाली गावाची ओळख!

आता दुसरे उत्तर. माणसे किती, हे अंदाजाने सांगून चालत नाही. मोजावे लागते. या मोजणीला शिरगणती किंवा जनगणना म्हणतात. १८८१ सालापासून आपल्या देशात ती दर दहा वर्षांनी होत आली. २०११ नंतरची गणती २०२१ साली व्हायची होती. करोनाच्या साथीमुळे ती लांबली.

आकडे काय सांगतात पाहा. १९८५ साली पाच ग्रामपंचायती एक करून मीरा-भाईंदर नगरपालिका झाली. १९९० साली उत्तन, डोंगरी, राई-मुर्धे आणि वरसावे या पंचायती तिच्यात आल्या. २००२ साली महानगरपालिका झाली. १९९१ साली इथे सुमारे पावणेदोन लाख माणसे होती. २००१ साली ती ५ लाख २० हजार झाली आणि २०११ साली ८ लाख ९ हजार. वीस वर्षांत चौपटीहून जास्त!

एवढ्या मोठ्या आकड्यात लहान गाव झाकून जाते. म्हणून तर आपले एकही माणूस मोजायचे राहू नये. पाणी किती लागेल, शाळा किती हव्यात, दवाखाना कुठे हवा, हे माणसे मोजूनच ठरते. ग्रामपंचायतीत सात सदस्य की सतरा, तेही लोकसंख्येवरच ठरते. नगरपालिकेचे प्रभागही तसेच पडतात. दहा माणसे नोंदवायची राहिली, तर दहा माणसांचे पाणी कागदावर येत नाही.

मोजणारे बहुधा शाळेचे गुरुजी नाहीतर बाई असतात. ते दारात आले की घाबरू नका. तुम्ही सांगितलेली माहिती गुप्त राहते. १९४८ च्या कायद्यात तसे लिहिले आहे. कर वाढवायला ती वापरत नाहीत.

सगळ्यांची नावे सांगा. तान्हे मूल सांगा. अंथरुणावरची आजी सांगा. नवी सून सांगा. होडी घेऊन समुद्रावर गेलेला मुलगा गणतीच्या दिवसांत परतणार असेल, तर त्यालाही सांगा. खोलीत भाडेकरू असेल, तर त्याला स्वतःचे घर सांगू द्या. वय, शिक्षण, कामधंदा खरा सांगा. मासे सुकवणारी, विकणारी बाई "घरीच असते" असे सांगू नका. तेही कामच आहे.

आता तुम्हांला लिहिता येते. आजच पाटी घ्या. आपल्या गावाची चतुःसीमा लिहा. खाली घरातली माणसे लिहा आणि मोजा. कोणी राहिले तर नाही ना?