कधीच न उगवलेला दिवस

परवा कपाट आवरताना एक जुना मोबाइल सापडला. बटणांचा! बॅटरी कधीचीच मेलेली. म्हटलं, बघूया तरी धुगधुगी आहे का. चार्जरला लावला. दहा मिनिटं गेली, आणि काय सांगू, स्क्रीन उजळली की!

त्यावर तारीख काय होती, ओळख बघू?

१ जानेवारी १९७०! वेळ पहाटे साडेपाच!

आता मला सांग, १९७० साली हातात मावेल असा मोबाइल जगात कुठेच नव्हता. मग हा पठ्ठ्या तिथे कसा जाऊन बसला? आणि साडेपाचच का? पाच का नाही, सहा का नाही?

चल, शोधून काढू.

आधी एक गुपित ऐक. कंप्युटरला कॅलेंडर कळतच नाही! सोमवार नाही, श्रावण नाही, मे महिन्याची सुट्टीसुद्धा नाही. बिचारा! त्याला एकच गोष्ट येते. मोजणं. एक सेकंद, दोन सेकंद, तीन सेकंद... तहान नाही, भूक नाही, नुसता मोजत बसतो.

पण मोजायला सुरुवात कुठून करायची? लपाछपीत ज्याच्यावर राज्य येतं, तो भिंतीकडे तोंड करून पहिल्यापासून आकडे म्हणतो ना? कंप्युटरलाही अशी एक भिंत लागते. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये 'युनिक्स' नावाची प्रणाली तयार झाली. तिच्यासाठी भिंत ठरली १ जानेवारी १९७०ची मध्यरात्र. तो क्षण म्हणजे शून्य! त्या रात्री काही खास घडलं होतं का? छे! सोयीची तारीख, एवढंच. पुढे ढीगभर कंप्युटर आणि मोबाइल त्याच भिंतीपासून मोजू लागले.

मध्यरात्र म्हणजे ग्रिनिचच्या वेळेनुसार हं! हे ग्रिनिच लंडनमध्ये आहे. ग्रिनिचच्या वेळेप्रमाणे रात्रीचे बारा वाजतात, तेव्हा आपल्याकडे किती वाजलेले असतात?

पहाटेचे साडेपाच! सापडला की नाही चोर?

माझ्या मोबाइलची बॅटरी संपली आणि तो आकडे विसरला. जागा झाल्यावर त्याने पुन्हा शून्यापासून मोजायला घेतलं. त्याच्या हिशेबात आत्ता कुठे १९७० साल उजाडत होतं!

एका दिवसात ८६,४०० सेकंद असतात. (२४ गुणिले ६० गुणिले ६०. करून बघ!) त्यामुळे सेकंदांच्या आकड्याला ८६,४०० ने भागलं, की किती दिवस झाले ते कळतं. एकदा दिवस कळले, की खरी जादू सुरू होते.

समज, तुला जाणून घ्यायचंय की १५ ऑगस्ट २०४७ ला कोणता वार असेल. त्या दिवशी आपल्या स्वातंत्र्याला शंभर वर्षं होणार! एवढं लांबचं कॅलेंडर काही कुठल्या भिंतीवर टांगलेलं नसतं. कंप्युटर काय करतो? भिंतीपासून तिथपर्यंतचे दिवस मोजतो. ते भरतात २८,३५०. मग त्यांना ७ ने भागतो. फक्त बाकी बघायची! १ जानेवारी १९७० ला होता गुरुवार. म्हणून बाकी शून्य आली तर गुरुवार, एक आली तर शुक्रवार, दोन आली तर शनिवार. कर भागाकार.

चार हजार पन्नास. बाकी शून्य! म्हणजे गुरुवार!

आणि १५ ऑगस्ट १९४७? तो तर भिंतीच्या मागे राहिला. मग उणे आकडा! भिंतीपासून ८,१७५ दिवस मागे. ७ ने भागल्यावर बाकी ६. आता गुरुवारपासून सहा दिवस उलटं चाल: बुध, मंगळ, सोम, रवी, शनी, शुक्र. शुक्रवार! ज्यांनी तो दिवस पाहिलाय अशा एखाद्या पणजीला विचार, त्या दिवशी शुक्रवारच होता.

आता तू म्हणशील, इतकं सोपं असेल तर कंप्युटर चुकतो कुठे? चुकतो, आणि काय बहारदार चुकतो!

सगळ्या गोंधळाचं मूळ आहे आपल्या पृथ्वीत. सूर्याभोवती एक फेरी मारायला तिला बरोब्बर ३६५ दिवस लागले असते, तर किती बरं झालं असतं! पण तिला लागतात ३६५ दिवस, ५ तास आणि सुमारे ४९ मिनिटं. हे वरचे तास म्हणजे चिक्कीचा जवळजवळ पाव तुकडा समज. दर वर्षी एक तुकडा डब्यात टाकायचा. चार वर्षांत चार तुकडे, म्हणजे एक अख्खी चिक्की. एक अख्खा दिवस! तोच २९ फेब्रुवारी.

पण थांब! पाव दिवस म्हणजे सहा तास. आपला तुकडा आहे पाच तास एकोणपन्नास मिनिटांचा. दर वर्षी अकरा मिनिटं कमी! डब्यात चिक्कीचा चुरा कमी पडतोय, आणि आपण मात्र अख्खी वडी खाल्ल्यासारखं मिरवतोय. असं चाललं तर ४०० वर्षांत तीन दिवस जास्तीचे होतात. म्हणून नियम असा: ज्या सालाच्या शेवटी दोन शून्यं, त्याला २९ फेब्रुवारी मिळणार नाही. फक्त ४०० ने भाग जात असेल तरच मिळणार. २००० ला मिळाला. १९०० ला नाही मिळाला. २१०० लाही मिळायचा नाही.

याचा फटका कुणाला बसला असेल, सांग बरं? आपले माजी पंतप्रधान मोरारजी देसाई! जुन्या मुंबई राज्याचे ते मुख्यमंत्रीही होते. त्यांचा जन्म २९ फेब्रुवारी १८९६ चा. चार वर्षांनी पहिला खरा वाढदिवस यायचा, तर तो आला १९०० साली. आणि त्या साली २९ फेब्रुवारी उगवलाच नाही! थेट १९०४ ची वाट बघावी लागली. आठ वर्षांच्या मुलाचा पहिला वाढदिवस!

आता कान इकडे कर. जो दिवस जगात कधी उगवलाच नाही, तो एका ठिकाणी आजही दिमाखात बसलाय. कुठे? एक्सेलमध्ये!

एक्सेल म्हणजे चौकटी-चौकटींची हिशेबाची वही. शाळेच्या ऑफिसमध्येही असेल. त्याची भिंत वेगळी आहे. १ जानेवारी १९०० म्हणजे दिवस पहिला. ३१ जानेवारी एकतिसावा. २८ फेब्रुवारी एकोणसाठावा. आता एका चौकटीत ६० लिही आणि त्या चौकटीला सांग, 'हा आकडा तारीख म्हणून दाखव.'

२९ फेब्रुवारी १९००!

बघ! भुताचा दिवस! मोरारजींचा चौथा वाढदिवस, जो त्यांना कधी मिळालाच नाही!

झालं काय, तर एक्सेलच्या आधी 'लोटस १-२-३' नावाचा असाच एक प्रोग्रॅम होता. १९८३ साली आला आणि तुफान गाजला. त्यात १९०० ला चारने भाग जातो म्हणजे २९ फेब्रुवारी असणारच, असं धरलं होतं. मग एक्सेल आलं. लोकांचे सगळे हिशेब लोटसमध्ये. ते एक्सेलमध्ये जसेच्या तसे उघडायला हवेत. चूक दुरुस्त केली असती, तर पुढची प्रत्येक तारीख एका दिवसाने सरकली असती.

वर्गाच्या हजेरीपटाची कल्पना कर. डिसेंबरमध्ये बाईंच्या लक्षात आलं की साठ नंबरचा मुलगा कधी शाळेत आलाच नव्हता. नाव चुकून पडलंय! आता एकसष्टला साठ करायचं, बासष्टला एकसष्ट करायचं, सगळ्यांच्या वह्या, प्रगतिपुस्तकं, परीक्षेचे नंबर बदलायचे? नको गं बाई! राहू दे तो साठ नंबर. बाई रोज हाक मारतात, "साठ?" वर्गात शांतता. "एकसष्ट?" "हजर!"

गूगल शीट्समध्ये हाच ६० टाकलास तर? तिथे येतो २८ फेब्रुवारी. त्यांनी भिंतच एक दिवस मागे सरकवली आणि भूत पळवून लावलं. मला मात्र एक्सेलचं भूत फार आवडतं.

याहून मजेशीर फजिती झाली ती ३१ डिसेंबर २००८ ला. मायक्रोसॉफ्टचं 'झून' नावाचं गाणी ऐकायचं यंत्र होतं. त्या दिवशी त्याची एका प्रकारची सगळी यंत्रं एकदम गोठली. बटण दाबा, हलवा, काही नाही. ठप्प!

तारीख काढायला आतला प्रोग्रॅम दिवसांच्या ढिगातून एकेक वर्ष काढून बाजूला ठेवत होता. २००८ हे होतं ३६६ दिवसांचं वर्ष, आणि तो दिवस होता त्यातला शेवटचा. ढिगात उरले ३६६. प्रोग्रॅमने स्वतःला विचारलं, "३६५ पेक्षा जास्त आहेत का?" हो. "हे ३६६ दिवसांचं वर्ष आहे का?" हो. "मग ३६६ पेक्षा जास्त आहेत का?" नाही. मग काहीच काढायचं नाही. चला, पुन्हा पहिला प्रश्न! "३६५ पेक्षा जास्त आहेत का?" हो...

ओळखीचं वाटतंय ना? "बाबा, सहलीला जाऊ?" "आईला विचार." "आई, जाऊ?" "बाबांना विचार." "बाबा..." दिवसभर हेच! फरक इतकाच, की तू शेवटी कंटाळून आजीकडे जातेस किंवा जातोस. झूनला आजी नव्हती! दुसऱ्या दिवशी १ जानेवारी उजाडली आणि यंत्रं पुन्हा सुरळीत चालू लागली.

छोट्या गमती तर किती! जावास्क्रिप्ट नावाच्या भाषेत जानेवारीचा नंबर शून्य आणि डिसेंबरचा अकरा. तारखा मात्र एकपासून. का? नको विचारूस. आणि समज, ३१ जानेवारीला आई म्हणाली, "बरोब्बर एक महिन्याने सायकल!" कधी मिळणार? ३१ फेब्रुवारी तर नसतेच. एक्सेलचं गणित म्हणतं २८ फेब्रुवारी. जावास्क्रिप्टला नुसता महिना एकने वाढवायला सांग, ते म्हणतं ३ मार्च. मी तर एक्सेलच्या बाजूने!

आता एक तारीख वहीत लिहून ठेव. १९ जानेवारी २०३८, मंगळवार. सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद.

जुन्या कंप्युटरांत सेकंदांचा आकडा ठेवायला ३२ घरं असतात. प्रत्येक घरात फक्त शून्य किंवा एक. पहिलं घर अधिक-उण्याच्या चिन्हाला दिलेलं. उरलेल्या ३१ घरांत मोठ्यात मोठा आकडा मावतो २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७. त्या मंगळवारी सकाळी सगळी घरं भरणार! पुढच्या सेकंदाला काय? स्कूटरचा किलोमीटरचा काटा ९९९९९ वरून ००००० वर येतो, तसंच काहीसं. फक्त इथे चिन्हाचं घरही उलटतं आणि तारीख कोसळते थेट (ग्रिनिचच्या वेळेनुसार) १३ डिसेंबर १९०१ वर. एका सेकंदात १३६ वर्षं मागे!

घाबरू नकोस. नव्या मोबाइलांत आणि कंप्युटरांत आता ६४ घरं असतात. घरं फक्त दुप्पट, पण ती भरायला किती वर्षं लागतील? सुमारे २९ हजार कोटी! अख्ख्या विश्वाचं वयच आहे १,३८० कोटी वर्षं. काळजी आहे ती कुठेतरी बसवून विसरलेल्या जुन्या यंत्रांची.

आकडा फार मोठा होण्याची ही डोकेदुखी नवी आहे, असं वाटतंय का तुला? मग कोकणात चल. मुरूडजवळ समुद्राकाठी नांदगाव आहे. पाचशे वर्षांपूर्वी तिथे गणेश दैवज्ञ नावाचे ज्योतिषी राहायचे. ग्रह आज आकाशात कुठे आहेत, हे काढायला तेव्हाचे ज्योतिषीही एका भिंतीपासून दिवस मोजायचे! त्या आकड्याला म्हणायचे 'अहर्गण'. अहन् म्हणजे दिवस, गण म्हणजे समूह. दिवसांचा ढीग! आणि भिंत कुठली? कलियुगाची सुरुवात, इसवी सनापूर्वी ३१०२. तिथून मोजत आलं की अहर्गण सोळा लाखांच्या पुढे. आणि एवढे गुणाकार-भागाकार हाताने करायचे!

गणेश दैवज्ञांनी १५२० साली, म्हणजे शके १४४२ मध्ये, 'ग्रहलाघव' नावाचा ग्रंथ रचला. लाघव म्हणजे हलकेपणा. त्यांनी भिंत उचलून शके १४४२ वर आणली. शिवाय अकरा-अकरा वर्षांचे गठ्ठे बांधले. गठ्ठे किती, आणि वरचे सुटे दिवस किती, एवढंच मोजायचं. नोटा वेगळ्या, चिल्लर वेगळी! मोठा आकडा कधी हातात येतच नाही. पुढे कित्येक पिढ्या महाराष्ट्रातली पंचांगं या ग्रंथावरून तयार व्हायची.

बरं, तो माझा जुना मोबाइल अजून टेबलावरच आहे. तारीख मी मुद्दामच दुरुस्त केलेली नाही. मन लावून मोजत बसलाय बिचारा. त्याच्याकडे आज ३ जानेवारी १९७०, शनिवार. सकाळची शाळा!